ब्रेक दाबायच्या आधी

अण्णा, तुमच्या गाडीची चाकं मी लहान केली आणि पुढचे ब्रेकही बदलले. आधीच सांगून टाकते, म्हणजे तुम्ही मध्येच उठून गाडीखाली डोकावायला जाणार नाही. तुमच्या गाडीच्या मापाचे टायर आता नांदेडात मिळत नाहीत, लातूरलाही विचारून झालं. मिळाले ते एक इंच लहान चाकांचे. आणि जुने ब्रेक तर तुम्ही असतानाच दोनदा दाबल्याशिवाय धरत नव्हते. तुम्हाला त्याचं कधी काही वाटलं नाही, कारण तुम्ही ब्रेक दाबतच नव्हतात. पण रस्ता आता तुमच्या वेळचा राहिला नाही, चौपदरी झालाय, ट्रक दोन्ही बाजूंनी भरधाव जातात. आईला शिरूर अनंतपाळला माहेरी जायचं तर याच गाडीतून जायचं असतं. माझी नवी गाडी दारात उभी असते, तिच्यात म्हणे डबीत बसल्यासारखं होतं. मग मी काय करायचं, तुम्हीच सांगा. आईला शेजारी बसवून देवाच्या भरवशावर गाडी हाकायची?

तुम्ही हदगावला जनावरांचे डॉक्टर होतात तेव्हाची एक दुपार मला अजून तशीच आठवते. मी कॉलेजच्या सुट्टीत गाडी शिकतेय, तुम्ही डावीकडे बसलाय, मांडीवर औषधांची पेटी. वळणावर अचानक शेळ्या येतात, मी दोनदा ब्रेक दाबते, गाडी थांबते. मी खूश. तुम्ही काचेतून समोर बघत म्हणता, “ब्रेक दाबावा लागला म्हणजे तुला आधी दिसलं न्हाई.” असा राग आला होता! एवढ्या शेळ्या वाचवल्या, त्याचं कौतुक नाहीच. मी फुगून बसले, तरी तुमचं शिकवणं चालूच. कुत्रं रस्ता ओलांडून थांबलं तर ते परत फिरणार. गाय कडेला उभी राहून पलीकडं बघत असली तर तिचं वासरू पलीकडं आहे, तिथूनच ॲक्सिलरेटरवरचा पाय काढायचा. मी चिडून म्हणाले, इतकी जनावरांची तोंडं बघत गाडी चालवायची तर पोचायचं कधी? तुम्ही हसलात. म्हणालात, “पोचून राहिलो की आपण.”

ब्रेक बसवले ते आपल्याच अंगणात. मेकॅनिकनं आधीच हात वर केले होते. चाक लहान झालं, आता आत नव्या ब्रेकची डिस्क आणि तिला धरणारा कॅलिपर मावणार कसा, फिरताना रिंगला घासेल. मग त्यानंच सुचवलं, कॅलिपरवर काहीतरी मऊ चिकटवू, चाक बसवून फिरवू आणि किती चेपतंय ते बघू. मी स्वयंपाकघरात गेले. आईनं भाकरीचं पीठ मळलं होतं, त्यातला गोळा आणला तर चाक फिरताच भुगा होऊन पडला. ज्वारीच ती. आईनं मग खास गव्हाची कणीक मळली, घट्ट, आणि म्हणाली, चाकाला पोळी अन् मला भाकर. पहिल्यांदा कणीक पापडासारखी होऊन फाटली. मेकॅनिकनं आणखी लहान डिस्क आणली, पुन्हा जुळवाजुळव केली. दुसऱ्यांदा कणीक जाडजूड राहिली, म्हणजे मध्ये जागा पुरेशी होती. आईनं पायरीवरून उतरून ती अंगठ्यानं दाबून पाहिली आणि मान डोलावली. हे सगळं चालू असताना माझं तुमच्याशी भांडण चालूच होतं. चांगला ब्रेक असला की माणूस बघणं सोडतो, असं तुम्ही म्हणाला असतात. मी म्हणत होते, अण्णा, सगळ्यांना तुमच्यासारखे डोळे नसतात.

परवा आईला माहेराहून परत आणत होते. गाडी छान पळत होती, खरं सांगायचं तर मी जरा तोऱ्यातच होते. सोयाबीनच्या शेतातून एक वासरू शेपटी वर करून थेट पुढ्यात आलं. मी ब्रेक दाबला, एकदाच. गाडी जागच्या जागी थांबली, इकडे नाही तिकडे नाही. बंपरपासून हातभर अंतरावरून वासरू आरामात पुढे गेलं आणि कडेच्या गाईला ढुशा द्यायला लागलं. मी डावीकडे वळून म्हणाले, “बघितलं का?”

आईनं पदरानं तोंड पुसलं. म्हणाली, “गाय मघापासून पलीकडं बघून राहिली होती. मला वाटलं, तुलाबी दिसलं असंल. ह्यांनी तिथूनच पाय काढला असता.”

ब्रेक मी काढणार नाही, अण्णा, त्यावर वाद नको. ते नसते तर वासरू गेलं असतं आणि कदाचित आम्हीही. पण उरलेला सगळा रस्ता मी गाई बघत आले. इतकी हळू, की आईनंच विचारलं, घरी जायचंय ना? म्हटलं, पोचून राहिलो की आपण. ती खिडकीबाहेर बघायला लागली.

तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, हा कागद जाणार कुठं? गाडीच्या कप्प्यात, तुमच्या चष्म्याच्या घरासोबत राहील. आईला न सांगितलेलं एक तेवढं लिहून ठेवते. गाडी थांबल्यावर डावीकडे वळून मी जे विचारलं, ते तिला विचारलं नव्हतं.