तडकलेलं पातं

३ डिसेंबर

घेतलं! ड्रोन! फोटो स्टुडिओवाल्या प्रफुलकडे आहे तेच मॉडेल. रंगसुद्धा तोच, राखाडी. नागपूरच्या एका कॉलेजच्या मुलाचं वापरलेलं. अकादमीच्या फीसाठी ठेवलेले पैसे त्यात गेले. जाऊ देत. पोलीस भरतीत एका डोळ्याची मुलगी घेत नाहीत, मग अकादमी कशाला?

बाबांना सांगितलं, लग्नाच्या शूटिंगचा धंदा करते. ते खूश. आईने मात्र खोक्याकडे पाहून तोंड फिरवलं. "त्याच वस्तूले घरात आणलं वं तू?"

खरं कारण इथेच लिहिते. आजवर लिहिलंच नव्हतं.

मे महिना, अल्लीपूर, हर्षाचं लग्न. शाळेपासूनची मैत्रीण. आम्ही चौघीजणी तिच्या डोक्यावर फुलांची चादर धरून तिला मांडवात आणत होतो. वर प्रफुलचं ड्रोन घोंघावत होतं. आवाज एकदम बदलला म्हणून मी वर पाहिलं. बस्स. एवढंच केलं मी, वर पाहिलं.

ड्रोन तोंडावरच पडलं. डावा डोळा गेला. गालावर वण आहे तो वेगळाच.

अन् तो काय म्हणाला सगळ्यांना? "पोरगी मधात आली." मी मधात! फुलांची चादर धरून! दहा माणसांनी माना डोलावल्या. बाबांनीही सही करून टाकली, तक्रार नाही म्हणून. "कोर्टकचेरी कुठं करत बसावं."

तरी मी गप्प होती. पण दिवाळीत हर्षाची चुलतबहीण प्रेरणा भेटली, तिच्या तोंडून निघून गेलं. त्या दिवशी उडवायच्या आधी तो बाजूच्या पोराला म्हणाला होता, "पातं जरासं तडकलं हाय. चालून जाते."

त्याला माहीत होतं.

४ डिसेंबर

दिवसभर माहितीपुस्तिका वाचली. पहिल्याच पानावर — उडवण्याआधी पाती तपासा, चीर असल्यास उडवू नका. पहिल्याच पानावर!

६ डिसेंबर

विहारात गेलो सगळे. मेणबत्ती लावली. आई कानात म्हणाली, "मन शांत ठेव, पौर्णिमा." मेणबत्तीकडे पाहत होती, पण दिसत होता प्रफुलचा चेहरा. काय करायचं ते अजून ठरलं नाही. पण त्याचं जे आहे ते सगळं आधी मला यायला पाहिजे. त्याच्याहून चांगलं. मग ठरवू.

९ डिसेंबर

गच्चीवरून उडवणार होती. बरं झालं आधी वाचलं. स्लॅबमध्ये लोखंडी सळया असतात, त्याने ड्रोनचं होकायंत्र बावचळतं, उत्तर कुठे तेच त्याला कळत नाही. मोकळ्या जागीच न्यायचं. विमानतळ वगैरे जवळ नाही ना तेही नकाशावर पाहिलं. आपला भाग हिरवा आहे, म्हणजे उडवायला हरकत नाही.

११ डिसेंबर

सिंदी मेघेच्या मागे नव्या लेआउटचे रिकामे प्लॉट आहेत. सकाळी तिथे गेली. एकटीने जमण्यासारखं नाही हे तिथे गेल्यावर कळलं. मी मोबाईलच्या पडद्यात पाहणार, तर ड्रोनवर नजर कोण ठेवणार? अन् मला तर अंतरच कळत नाही. परवा चहा ओतला तो कपाच्या बाहेर!

घरी येऊन आईला म्हटलं, चल. नाही नाही म्हणत आली. सोबत पाट घेऊन आली — ड्रोन मातीत ठेवलं तर धूळ मोटरमध्ये जाते असं मी म्हटलं होतं, ते लक्षात ठेवलं तिने. बसायचा पाट, त्यावर ड्रोन. चहूबाजूंनी कोणी नाही हे पाहिलं. जीपीएसला उपग्रह सापडेपर्यंत थांबली. मग उडवलं.

पाती फिरायला लागली. तोच आवाज! मी मान खाली घातली. आई ओरडली, "अवं, थे तिकडं विजेच्या तारेकडं चाललं नं! इकडं घे, इकडं!"

घेतलं. उतरवलं. दोघी मातीत बसून राहिलो. आई म्हणाली, "आता पुरे." मी म्हटलं, "उद्या परत."

२० डिसेंबर

रोज जातो. आईची नजर आता तयार झाली. हवा वाढली की विहारावरच्या झेंड्याकडे बोट दाखवते. बॅटरी कमी झाली की ड्रोन आपोआप परत येतं, पण वाटेतल्या कडुनिंबाच्या वरून येईल एवढी उंची आपण आधीच भरून ठेवायची असते. ती भरली. कॅमेऱ्यावरचं झाकण काढायचं दोनदा विसरली, आईने आठवण करून दिली. "टोपी काढ त्याची!"

एकेक गोष्ट शिकते अन् राग वाढतो. इतकं सोपं आहे! प्रत्येक पातं बोटाने चाचपायचं, उजेडात धरून पाहायचं. मंगलाष्टकं लांबतात, त्यापेक्षा कमी वेळ लागतो. तेवढं केलं असतं तर मी आज मैदानावर पळत असती.

२८ डिसेंबर

बाभळीत घुसवलं. माझीच चूक, डाव्या बाजूची फांदी दिसली नाही. बाकी सगळं ठीक, एक पातं तडकलं. मुळाशी केसाएवढी चीर. लांबून दिसतसुद्धा नाही.

नवं बसवलं. जुनं फेकायला निघाली होती. नाही फेकलं.

५ जानेवारी

प्रेरणाचा फोन. सव्वीस जानेवारीला आपल्या गावच्या शाळेच्या मैदानावर मोठा कार्यक्रम आहे, शूटिंगचं काम प्रफुलला मिळालं. सगळं गाव येणार. "तू नको जाऊ बाई, तुला त्रास होईल," ती म्हणाली.

जाणार तर!

१४ जानेवारी

आईने तिळगूळ दिला. गोड बोल म्हणाली.

पातं बदलायला किती वेळ लागतो ते आज पाहिलं. छोटा पेचकस, दोन मळसूत्रं. डोळा मिटूनही जमतं आता.

२५ जानेवारी

केलं.

शेजारच्या आनंदाबाईंना पेन्शनसाठी फोटो हवा होता. मी म्हटलं, चला, मी नेते. प्रफुलच्याच स्टुडिओत नेलं. तोंडाला स्टोल, डोळ्यावर गॉगल. उन्हात सगळ्याच पोरी बांधतात. त्याने ओळखलं नाही. "बसा ताई," म्हणाला मला. ताई!

आनंदाबाईंना घेऊन तो आत गेला. टेबलावर बॅग उघडीच होती, उद्याची तयारी. आतून आनंदाबाईंचा आवाज येत होता, "अरे बापू, थांब नं, पदर तं नीट घेऊ दे! अन् असा काढ का दात नाई दिसले पायजे." त्याचं चांगलं पातं काढलं, माझं तडकलेलं बसवलं. चीर आतल्या बाजूला.

बाहेर आल्यावर आनंदाबाई म्हणाल्या, "चांगला पोरगा हाय वं. पाणी देल्लं मले."

ड्रोन पडेल. सगळ्या गावासमोर पडेल. आता सांग म्हणावं, मधात कोण आलं! माणसांवर नाही पडणार, स्टेजसमोर मोकळी जागा आहे. मी पाहिलं आहे. मोकळी जागा आहे.

२६ जानेवारी

हात दुखतो आहे, तरी लिहिते.

सकाळी मी आरामात आवरत होती. आई दारातून आनंदाबाईंशी बोलत होती. आनंदाबाईंची नात लेझीममध्ये आहे. नवा ड्रेस शिवला. "स्टेजच्या पुढंच नाचणार हायेत पोरी. वरतून त्याईचा फोटो काढणार हाय म्हनते."

स्टेजच्या पुढे.

मी चप्पल घातली नाही. पळाली. भरतीसाठी पळायची तशी, श्वास मोजत. इतक्या महिन्यांनी. डावीकडून सायकल आली ती दिसलीच नाही, धडकली, कोपर सोललं, उठून परत पळाली. मैदानावर माईक चालू होता. पोरी लेझीम घेऊन रांगेत उभ्या. प्रफुल कोपऱ्यात, ड्रोन खाली एका पाटीवर ठेवलेलं, रिमोट हातात.

"उडवू नको!"

तो वळला. स्टोल नव्हता, गॉगल नव्हता. माझा चेहरा पाहून त्याचा चेहराच उतरला.

"पातं तडकलं हाय," मी म्हटलं. "उडवू नको."

त्याने खिशात हात घातला. कागदात गुंडाळलेलं एक पातं काढलं अन् माझ्या हातावर ठेवलं. माझंच.

"सकाळीच दिसलं मले," तो म्हणाला. "बदललं."

त्याने विचारलं नाही, तुला कसं माहीत. पातं माझ्या हातात, कोपरातून रक्त, पाय अनवाणी — विचारायला उरलं काय होतं! माईकवर कोणीतरी त्याचं नाव पुकारत होतं.

"त्या दिवशी पाह्यलं होतं अन् तरी उडवलं," तो हळू आवाजात म्हणाला. "आता पाह्यल्याबिगर नाई उडवत. घरच्या घरीबी नाई."

"मग मी मधात आली असं काऊन सांगतलं लोकाईले?"

"भेव लागलं होतं."

एवढंच. भेव लागलं होतं! माझा डोळा गेला अन् ह्याला भेव लागलं होतं!

त्याने पोरींच्या डोक्यावर उडवलंच नाही. बाजूने, लांबून फिरवलं. मी शेवटपर्यंत उभी राहिली, पडावं म्हणून की पडू नये म्हणून, मला माहीत नाही. पडलं नाही. आनंदाबाईंची नात दुसऱ्या रांगेत होती.

२७ जानेवारी

झोप नाही. त्याचा राग येतो तो येतोच. पण आता त्यात माझाही राग मिसळला आहे, अन् ते मला अजिबात आवडलेलं नाही. माझा राग स्वच्छ होता. त्याने तोही घाण केला.

आईला काही सांगितलं नाही. कोपराला हळद लावताना म्हणाली, "इतकी कायले पळाली वं?"

२ फेब्रुवारी

प्रफुल घरी आला!

दार आईने उघडलं. मग जे काही ओरडली ते गल्लीने ऐकलं. "माह्या पोरीचा डोळा घेतला, आता काय पाह्यले आला? चाल नीघ!" तो पायरीवर उभाच राहिला, मान खाली. बाबा बाहेर आले अन् परत आत गेले. ते तसेच करतात.

मी बाहेर गेली. म्हटलं, बोल.

"पुढच्या आठवड्यात केळझरले लग्न हाय," तो म्हणाला. "मोठी पार्टी हाय. तू येजो. उडवाच्या आधी तू पाहाय. तू हो म्हणशील तं उडवीन."

"अन् नाई म्हटलं तर?"

"तं नाई."

मी येते म्हटलं. आईने दोन तास भांडी आपटली. तिला काय सांगू? माफ नाही केलं मी. त्याच्या बाजूला उभं राहायचं आहे मला. एक चूक करू दे त्याला, एकच — सगळ्या मांडवासमोर त्याचं बिंग फोडते की नाही पाहा!

८ फेब्रुवारी

उद्या केळझर. सकाळची बस. गॉगल घालणार नाही. स्टोलही नाही. पाहू देत सगळ्यांना.

९ फेब्रुवारी

गेली. त्याने सगळ्यांसमोर ड्रोन माझ्यापुढे ठेवलं. वरात दारात, नवरदेव घोड्यावर, सगळे थांबलेले. मी एकेक पातं चाचपलं. उजेडात धरलं. बॅटरी पाहिली, होकायंत्र, परतीची उंची, हवा. एक चूक नाही. कुठे काही सापडलं नाही.

"ठीक नाई," मी म्हटलं.

त्याने सुद्धा सगळं पाहिलं होतं, मी खोटं बोलते हे त्याला माहीत होतं. एक क्षण माझ्याकडे पाहिलं. मग ड्रोन उचललं, बॅगेत ठेवलं अन् चेन लावली. नवरीचा बाप धावून आला, काय काय बोलला त्याला, चार लोकांत, शर्ट धरून. मी वाट पाहत उभी होती, आता माझ्याकडे बोट दाखवेल, परत "पोरगी मधात आली" म्हणेल म्हणून.

त्याने नाही दाखवलं.