मामाच्या नावाची अभ्यासिका आणि माझी अट

मी, रत्नाबाई, पती कालकथित जीवन शेंडे, वय बावन्न, धंदा आटाचक्की, राहणार मौजा बोरटोली, तालुका पवनी, जिल्हा भंडारा, हे मृत्युपत्र माझ्या राजीखुशीने लिहिते. डोके ठिकाणावर आहे. ज्याला शंका असेल त्याने माझ्याशी एकदा भांडून पाहावे. पुढच्या आठवड्यात नागपूरला पोटाचे ऑपरेशन आहे. डॉक्टर हसून म्हणाला, “भिऊ नका बाई.” डॉक्टर हसला की भ्यावे, असे माझे मत आहे. वकिलाने मसुदा करून दिला होता, पण त्यात कायदा होता आणि माणूस नव्हता, म्हणून हा मी पुन्हा माझ्या हाताने लिहिला.

कलम एक. राहते घर माझी मुलगी रिता हिला. ती साकोलीला सुखात आहे, परत येणार नाही हे मला कळते. विकायचे तर विक बाई. पण मागची खोली गळते, ती गिऱ्हाइकाला आधी दाखव.

कलम दोन. चक्की केवळरामला. इतकी वर्षे त्याने माझे तोंड ऐकले, त्याचा हक्क आहे. मिरची दळल्यावर आधी थोडे रद्दी धान्य चक्कीतून काढावे, मग लोकांचे गहू घ्यावे. तो हे विसरतो आणि शिव्या मला पडतात.

कलम तीन. विहाराला लागून माझी मोकळी जागा आहे, मायकडून आलेली. ती विहार कमिटीला मुलांच्या अभ्यासिकेसाठी देते. अभ्यासिकेला माझे मामा तुलाराम मास्तर यांचे नाव द्यावे आणि फोटो मोठा लावावा. हसरा फोटो शोधू नये, तो हसतच नव्हता. पण एक अट आहे. ती वाचून मामाचा मुलगा इश्वर, जो कमिटीचा अध्यक्षही आहे, रागावेल. रागावू दे.

अट कळायला आधी मामा कळला पाहिजे. छप्पन सालानंतर आमच्या वस्तीने धम्म घेतला आणि गावाची मेलेली ढोरे ओढणे बंद केले. गावाने आम्हाला वाळीत टाकले. मजुरी बंद, विहीर बंद, दुकानात मीठसुद्धा मिळेना. तेव्हा मामा अड्याळहून डोक्यावर मीठ आणायचा आणि घरोघरी मूठमूठ वाटायचा. मार खाल्ला, पण वस्तीतला एक माणूस झुकू दिला नाही. पुढे शाळा त्यानेच आणली आणि पहिला मास्तर तोच झाला. आज वस्तीत जेवढे नोकरीवाले आहेत, त्यांच्यातले निम्मे त्याच्या छडीखालून गेले आणि बाकीचे त्यांची पोरे आहेत. असा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

माझी माय बायजाबाई त्याची सख्खी बहीण, विधवा. तिनेही धम्म घेतला, वंदना म्हणायची. पण तिच्या आईने मरताना हातात दिलेला देवीचा चांदीचा टाक तिने धानाच्या कोठीत ठेवला होता. मी सहा-सात वर्षांची असताना ते उघड झाले. मामाने बैठक बोलावली.

“बायजा, फेक तो तलावात.”

“दादा, देव म्हणून कवाचाच सोडला. हे मायची निशानी हाय.”

मामाने ऐकले नाही. बायजाच्या घरी कोणी जायचे नाही, असे त्याने वस्तीला सांगितले आणि वस्तीने मानले. त्याचा शब्द कोण मोडणार?

धानाची रोपे चिखलात लावायची रोवणी एकट्या बाईचे काम नाही. बाया रांगेने वाकतात, गाणे म्हणतात, तेव्हा शेताची एक बांधी पुरी होते. त्या साली आमच्या बांधीत माय आणि मी. धुऱ्यापलीकडे शेजारच्या शेतात सगळ्या बाया रोवत होत्या. मायकडे नजर गेली की लगेच खाली मान घालत होत्या. अर्धी रोपे हात लागायच्या आधीच पिवळी पडली. ज्याने वस्तीसाठी मीठ वाहून आणले, त्यानेच बहिणीचे मीठ बंद केले. आणि मीठ बंद होणे काय असते, हे त्याच्याइतके कोणाला माहीत नव्हते.

आता हेही लिहिते. तोच माणूस रोज सकाळी आमच्या दारासमोर उभा राहून ओरडायचा, “रत्ने, पाटी घे!” आत पाऊल नाही, पाणी नाही, बहिणीकडे नजर नाही. पण शाळेत मला पुढच्या ओळीत बसवायचा. कोणी विचारले, वाळीतल्या घरची पोरगी पुढे काहून? तर म्हणायचा, “शाळेत कोणी वाळीत नाही.” हे मी माझ्या हाताने लिहिते आहे ते त्याच्यामुळे. चौथीनंतर शिकले नाही तो माझा आळस, त्याचा दोष नाही.

माय मेली तेव्हा पहिला खांदा त्याने दिला. कोणाला विचारले नाही. त्याच्या मागून सगळी वस्ती आली. मी त्याच्या तोंडाकडे पाहत राहिले, आता काही बोलेल. बोलला नाही. पुढे तोही गेला, न बोलताच.

हे सगळे मी पोटात ठेवले असते. पण मागच्या पावसाळ्यात रविवारी विहारात गेले. इश्वरची मुलगी तृप्ती तिथे लहान मुलांचा वर्ग घेते, आणि चांगला घेते. ती अजून यायची होती. प्रतिक्षा नावाची पोरगी कोपऱ्यात एकटी बसली होती. तिच्या आईने दारावर लिंबू-मिरची बांधली, म्हणून पोरांनी ठरवले होते, हिच्याजवळ बसायचे नाही. एक पोरगा छाती काढून म्हणाला, “आजी, आमी मास्तरबाबासारखे कडक हावो!”

मी तिथेच बसकण मारली आणि मायची गोष्ट सांगितली. पुरी.

“मंग मास्तरबाबा खराब होते का?”

“नाही रे. लय मोठा माणूस होता. पन चुकला.”

“त्यायले कोनी सांगतलं नाही का?”

“नाही. सारे मान देत होते ना.”

एका पोरीने दप्तर उचलले आणि प्रतिक्षाजवळ जाऊन बसली. बाकीचे खिदळले. पण बसली.

संध्याकाळी इश्वर चक्कीवर आला. चक्की सुरू होती, तरी त्याचा आवाज वर.

“बाई, लेकरायसमोर माया बापाची इज्जत काढून राहिली तू?”

“तुया बापाची इज्जत एवढी कच्ची हाय का, का माया मायच्या एका गोष्टीनं फाटन?”

“लहान लेकरं हायेत. त्यायले कायले सांगाचं?”

“बांधीत मीबी लहानच होती.”

तेव्हापासून तो माझ्याशी बोलला नव्हता.

तर अट अशी. दरवर्षी मामाच्या स्मृतिदिनाला मुलांना त्याचे चांगले आधी सांगावे, आणि भरपूर सांगावे. मग बायजाबाईची गोष्ट सांगावी, आणि पुरी सांगावी. “तो काळच तसा होता” असे शेवटी जोडू नये. त्याच काळात माझी मायही जगत होती. ऐकून कोणी पोराने मामाला शिवी दिली तर त्याला वर्गाबाहेर काढू नये, मिठाची गोष्ट पुन्हा सांगावी. कमिटीला अट मंजूर नसेल तर जागा रिताची. तिने तिथे बकऱ्या बांधाव्या.

कलम चार. माझी जाऊ ललिताबाई हिने लग्नाच्या नावाने नेलेला पाण्याचा पितळी गुंड परत केला नाही. तो आता मागू नये, पण रिताने तिच्या घरचा चहासुद्धा पिऊ नये. हे वाक्य लिहून मी थांबले. वर तीन पाने मामाला शिकवले आणि खाली मी तेच केले. वकील म्हणतो खाडाखोड चालत नाही, म्हणून वाक्य राहू दे. रिता, चहा प्यावा. गुंडाचा विषय मात्र काढावा.

या सर्वांची अंमलबजावणी तृप्तीने करावी.

इथपर्यंत लिहून मी इश्वरला निरोप धाडला, साक्षीला ये. येईल असे वाटले नव्हते. आला. शेजारच्या सुखराम मेश्रामांनी सगळे मोठ्याने वाचून दाखवले. रोवणीपाशी इश्वरने चष्मा काढून मांडीवर ठेवला. वाचन संपले. मग म्हणाला, “बाई, हे तृप्तीच्या तोंडून नाही जमनार.”

मी म्हटले, झाले. बांधा बकऱ्या.

“मायाच तोंडून. बाप माया होता.”

म्हणून कलम पाच वाढवते. पहिल्या वर्षी ही गोष्ट इश्वरने सांगावी. रडला तर थांबावे, पाणी द्यावे. पण रोवणी गाळली तर तृप्तीने तिथेच, सगळ्या पोरांसमोर, बापाला टोकावे.

वरील मजकूर मी लिहिला, वाचून घेतला, बरोबर आहे.

लिहून देणार: रत्नाबाई जीवन शेंडे (सही)

साक्षीदार:
१. सुखराम मेश्राम (सही)
२. इश्वर तुलाराम टेंभुर्णे (सही)

मौजा बोरटोली, तालुका पवनी, जिल्हा भंडारा
दिनांक ३ डिसेंबर २०११