पुढचं चाक गुडघ्यात धरून

सोलापूर,
ता. १९ जून, गुरुवार

माझ्या शिवम्माला सुंदरम्माची कडकडून मिठी.

तुझा डावा डोळा कसा आहे? थेंब वेळच्या वेळी घालतेस, की मागच्यासारखी बाटली फळीवर ठेवून विसरलीस? भाऊजींचा दमा पावसाळी हवेत उठतो, त्यांना म्हणावं पहाटे अंगणात बसून तंबाखू मळू नका. विजयमालाच्या खांद्याचं दुखणं उतरलं का? सुनेचा खांदा भाकऱ्या थापून जातो आणि आपण सासवा म्हणतो, तिला कामच नको. थोरल्याची साखर किती आली? नातवाचा कान वाहायचा थांबला का? आणि ती तांबडी म्हैस गाभण होती ना, तिच्या पाठीवर माझ्या नावानं एक हात फिरव.

आमच्याकडे सगळे आहेत. लेक टॉवेलच्या कारखान्यात जाते. मी विड्या वळते, बोटं अजून चालतात. तिची प्रियंका शाळेत चालत जाते. चालणं तब्येतीला चांगलं असतं म्हणतात.

तू म्हणशील, फोन असताना ही म्हातारी कागद काळे का करते? फोनवर तू रडलीस की माझं पाणी होतं आणि सांगायचं ते राहून जातं. कागद रडत नाही. म्हणून लिहिते. माझी अक्षरं विडीच्या बंडलावरच्या लेबलांवरून शिकलेली, तेव्हा सांभाळून घे.

तू सांगितलेलं काम केलं. तुमच्या बचत गटातल्या बायकांना पोरींसाठी सायकली घ्यायच्यात आणि सोलापुरातलं चांगलं दुकान कोणतं ते मी हिंडून सांगावं, असं तू म्हणालीस. "माझ्या लेकाचं दुकान आहेच गं, पण मी सांगितलं तर बायका बोट दाखवतील. तू बघून सांग, तुझ्या शब्दाला वजन आहे." तुझं वाक्य माझ्या ध्यानात आहे. तर मी बघितलं.

हिंडताना सोबत एक मोडकी सायकल नेली होती. कुणाची ते पुढं सांगते. नव्या सायकलीवर दुकान कळत नाही, सगळ्याच नव्या नवरीसारख्या नटलेल्या असतात. मोडकी नेली की दुकानदाराचं तोंड कळतं.

पहिलं दुकान सात रस्त्याजवळचं, काचेच्या दाराचं. आत गेल्याबरोबर एक टाय लावलेला माणूस म्हणाला, "या मॅडम." मी मागं वळून बघितलं, कोण आलंय म्हणून. आत थंडगार, सायकली भिंतीला टांगलेल्या, एकेकीला सात-सात गिअर. मी माझी मोडकी पुढं केली तसा तो अशी नजर टाकायला लागला जसं मी मेलेलं मांजर आणलंय. "आमच्याकडची असेल तरच हात लावतो." आता तुमच्या अक्कलकोटच्या बाईच्या पोरीचा ब्रेक ढिला झाला तर तिनं एसटीनं यावं का काचेच्या दारात? दाखवायला दुकान छान आहे. तेवढंच.

दुसरं नव्या पेठेच्या अंगाला. माणूस फार गोड. अम्मा इकडं बसा, अम्मा सरबत घ्या. मग म्हणाला टायर बदला, ट्यूब बदला, चेन बदला, सीट बदला. त्याच्या म्हणण्याप्रमाणं केलं असतं तर घंटी तेवढी जुनी राहिली असती. पण खोटं कशाला बोलू, सुटे भाग त्याच्याकडं सगळे मिळतात. जे मागशील ते फळीवरून काढून देतो.

तिसरं अशोक चौकाच्या पुढं, मौलाली आणि त्याची लेक कौसर. पत्र्याची शेड, बसायला उलटी बादली. मौलाली बोलायला कडू. मी तोंड उघडलं तर म्हणाला, "अम्मा, तुमी बसा. सायकल बोलंल." कौसरनं सायकल वीतभर उचलली आणि जमिनीवर सोडली. मान वाकडी करून ऐकलं. "अब्बा, लई वाजतीय." चांगली जोडलेली सायकल पडली की एकच आवाज करते म्हणे, धप्प. आपलीचा भांड्यांचं कपाट पडल्यासारखा आवाज.

मग मौलालीनं पुढचं चाक दोन्ही गुडघ्यांत घट्ट धरलं आणि हँडल फिरवलं. शिवम्मा, हँडल फिरलं आणि चाक तिथंच राहिलं. सुईसारखं सरळ.

"कुणी जोडली ही?" त्यानं विचारलं.

"एका माणसानं," मी म्हटलं. नाव घेतलं नाही.

त्यानं हँडलचा बोल्ट काढून माझ्या तळहातावर ठेवला. "बघा. डोक्यावरचा रंग जसाच्या तसा. पाना लागला असता तर रंग उडाला असता की नाही? हातानं फिरवून सोडलाय. बसलेलं माणूस वाचलं कसं?"

मी त्या उलट्या बादलीवर बसून राहिले. कौसरनं पाणी दिलं.

सायकल प्रियंकाची. पाडव्याला घेतलेली. कुणाकडून, ते तुला आता कळलं असेल. वर सगळ्यांची खुशाली विचारली, म्हशीचीसुद्धा विचारली, आणि तुझ्या धाकट्याचं नाव माझ्या लेखणीतून उतरलं नाही. सोलापुरात आहे, माझ्या डोळ्यांसमोर आहे, मला त्याची खुशाली विचारायची गरज नाही.

रेल्वेच्या पुलाच्या उतारावर पोरगी पडली. हँडल वळवलं, चाक वळलं नाही. मागून टेम्पो येत होता, त्या ड्रायव्हरनं ब्रेक मारला म्हणून मी हे पत्र लिहिते आहे, नाहीतर दुसरं काहीतरी लिहिलं असतं. पुढचे दोन दात गेले. मनगट प्लास्टरमध्ये होतं. मी तुला खरं सांगितलं नाही. पोर पायरीवरून घसरली असं सांगितलं. तुझ्या ईरप्पावर डाग नको, म्हणून.

आणि त्यानं काय केलं? मी पोरीला घेऊन दुकानात गेले. गिऱ्हाईकं उभी, प्रियंकाच्या वर्गातल्या दोन पोरी उभ्या. तो हसत हसत म्हणाला, "मावशी, पोरीला चालवता येत न्हाय त्याला मी काय करू? सायकल काय बैल हाय व्हय, मनानं पाडायला?" सगळे हसले. पोर तोंडावर हात ठेवून उभी, दात दिसू नयेत म्हणून. नाचता येईना अंगण वाकडं ऐकलं होतं. इथं नाचणाऱ्याची चूक, आणि वाकडी ठरली माझी पोर.

त्या दिवसापासून तिनं सायकलीला हात लावला नाही. शाळेत पोरी तिला "बैलवाली" म्हणतात. मी म्हटलं, गं तुझी चूक नव्हती. तर म्हणते, "अम्मम्मा, मला येतच नव्हती. मामानं सांगितलं की सगळ्यांसमोर." मामा म्हणते ती त्याला. तो म्हणाला म्हणजे खरंच असणार, असं तिला वाटतं.

तो बोल्ट पदरात बांधून मी त्याच्याकडं गेले. दुपारी, दुकानात कुणी नसताना. त्याची लाज जाऊ नये म्हणून मी वेळ निवडली, हे लक्षात ठेव. म्हटलं, ईरप्पा, मला काही नको. पोरीला बोलवून एवढंच सांग, चूक तुझी नव्हती, माझी होती.

त्यानं बोल्ट बोटांत धरून बघितला. बघितला म्हणजे नीट बघितला, रंगसुद्धा. आणि म्हणाला, "मावशी, बोल्ट कुणाचा बी असंल." असं म्हणून तो त्याच्या बोल्टांच्या डब्यात टाकला. टण्ण वाजलं. त्या ढिगातला कुठला माझा, सांग. तो आवाज झाला आणि माझ्यातली मावशी तिथंच उठून निघून गेली. उरली ती नुसती सुंदरम्मा.

आता ऐक मी काय करते ते. शाळा उघडल्या की सायकलीचा धंदा जोरात असतो. त्याच्या दुकानासमोर चहाचं हॉटेल आहे, त्याची पायरी सावलीत येते. रोज सकाळी मी सूप, तेंदूचा पत्ता, तंबाखू आणि कात्री घेऊन तिथं बसते. विड्या वळते. गल्लीत मला सगळे ओळखतात. पोरीबाळी घेऊन आईबाप येतात, आपसूक विचारतात, "अम्मा, इथं सायकल चांगली मिळते का?"

मी खोटं एक अक्षर बोलत नाही. म्हणते, "बाबा, कुठंही घे. घेण्याआधी पुढचं चाक गुडघ्यात धर आणि हँडल फिरवून बघ. फिरलं तर घेऊ नको."

शिवम्मा, तू इथं असायला हवी होतीस. एक साहेब आले, इस्त्रीची पँट, बायको बरोबर. दुकानात गेले आणि पाय फाकून उभे राहून चाक गुडघ्यात धरलं. बायको म्हणते, "अहो हे काय करताय रस्त्यावर!" आणि हँडल फिरलं की गं! त्यांच्या हातात वळून आलं. म्हणजे एका पोरीचे दात गेले तरी याला अजून पाना उचलायचा कंटाळा. साहेबांनी ईरप्पाला जे सुनावलं ते हॉटेलवाल्यानं चहाचा कप खाली ठेवून ऐकलं. मी मान वर केली नाही. विडीला दोरा गुंडाळला. पण गोड लागलं गं, तुझ्यापासून काय लपवू, गुळाच्या पोळीपेक्षा गोड लागलं.

आता गल्लीत जो तो गुडघ्यात चाक धरतो. गिऱ्हाईकं मौलालीकडं जातात. परवा ईरप्पा स्वतः रस्ता ओलांडून आला.

"मावशी, घरी जा की. ऊन लागंल."

"लागू दे. तुझ्या सावलीत बसले नाही."

"काय पायजे तुला? पोरीला नवी देतो. गिअरची देतो."

"गिअर तुझ्या जिभेला लाव. फार जोरात सुटते."

हॉटेलातले हसले. तो लाल झाला. हळूच म्हणाला, "माफी मागतो मी. घरी येऊन मागतो."

मी म्हटलं, "तिला बोललास ते काय देवघरात बोललास? जिथं बोललास तिथंच माग. त्या दोन पोरींनाही बोलवते."

"गिऱ्हाईकांसमोर? माझा धंदा बसंल मावशी!"

"माझी पोर बसली आहे. तुझा धंदा थोडा बसू दे."

तेव्हा तो जे म्हणाला त्यासाठी हे पत्र. म्हणाला, "मी आईला सांगतो. आईनं सांगितलं की तू उठशील. तुला उठावंच लागंल."

त्याला माहीत आहे. माझी लेक जन्मली तेव्हा माझं दूध आटलेलं, आणि तू एका मांडीवर ईरप्पा आणि एका मांडीवर माझी पोर घेऊन बसायचीस. तुझी सासू ओरडायची, तू पदर ओढून घ्यायचीस. तो माझ्या लेकीचा दूधभाऊ आहे. प्रियंका तुझी नात आहे, माझ्याइतकीच. आणि त्यानं त्याच दुधाचा आता पाना करून मला खोलायला घेतलाय.

तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर असं: सायकली मौलालीकडून घ्या. बचत गटाच्या बायकांना माझं नाव सांग. तुझ्या लेकाचं दुकान चार दुकानांत चौथं आहे, आणि हे मी त्या बायकांसमोर येऊन सांगायला तयार आहे.

आणि दुसरं. तू "ऊठ" म्हणून लिहिलंस तर मी उठेन. त्याच दिवशी सूप घेऊन घरी जाईन, परत त्या गल्लीत दिसणार नाही. तुझा शब्द मी मोडणार नाही, ईरप्पाचा हिशेब बरोबर आहे. पण मग तुझ्या दुधाचं देणं मी फेडलं असं समज. त्यानंतर तू मेलीस तरी मी अक्कलकोटला येणार नाही, आणि मी मेले तर तू सोलापूरला येऊ नकोस.

"ऊठ" लिहायचं नसेल तर त्याला फोन कर आणि त्याच्या आईसारखी बोल.

पत्राची वाट बघते. लवकर लिही. घरच्या पत्त्यावर नको, त्या पायरीवरच मिळेल असं पाठव, हॉटेलवाला घेऊन ठेवतो. मी तिथंच आहे.

तुझी, अजून तरी तुझीच,
सुंदरम्मा