निवलेला कोंबडा

माय, तू गेलीस त्याला बावीस वर्षं झाली आणि आज मी तुला कोंबड्याबद्दल लिहायला बसलोय. हसू नको. रिटायर झाल्यावर लोक देवदर्शनाला जातात, मी गावी, तेरच्या आपल्या घरी येऊन परसात कोंबड्या पाळल्या. सात कोंबड्या आणि एक तांबडा कोंबडा. पहिले काही महिने तो शहाण्यासारखा वागला, मग असा बिघडला की परसात कुणाला पाय ठेवू देईना. दिवाळीत नात आली होती, चार वर्षांची. दाणे टाकायला गेली आणि ह्यानं उडी घेऊन पायाचा काटा तिच्या डोळ्याखाली मारला. बोटभर वर लागला असता तर डोळाच गेला असता. सून त्याच दिवशी पोरीला घेऊन धाराशिवला गेली. जाताना म्हणाली, "मामा, तो कोंबडा हाय तवर पोरगी इथं यायची न्हाय." त्या दिवसापासून घर खायला उठतंय.

कापायला माझा हात धजेना. बायकोनं त्याला खराट्यानं झोडला, मी लाथा घातल्या, तसा तो आणखी पेटला. मग तू आठवलीस. असला कोंबडा निघाला की तू ओरडायची नाहीस, मारायची नाहीस. सरळ चालत जाऊन उचलायचीस, पंख दाबून डाव्या काखेत धरायचीस आणि उजव्या हातानं त्याची मान हळूहळू खाली दाबायचीस. तसंच धरून परसात फिरतेस, वाळवण हलवतेस, शेजारणीशी बोलतेस. तो तडफडला तरी सोडत नाहीस. शेवटी धुण्याच्या दगडापाशी थांबून विचारतेस, "निवलास का?" अंग सैल पडलं की मगच खाली ठेवतेस. आठवडाभरात तो तुला बघून वाट सोडतो.

मीही तेच करायचं ठरवलं. हाताला पोतं गुंडाळून परसात गेलो, दुपारचे तीन वाजले असतील. तो धुण्याच्या दगडापाशी उभा होता, मी दहा पावलांवर. मी त्याला शिवलोही नव्हतो, माय. त्याचे पंख अंगाला घट्ट चिकटले. मान खाली जायला लागली, दमादमानं, कुणीतरी दाबत असल्यासारखी. एकदा जोरात तडफडला, मग सैल पडला. सगळ्या कोंबड्या गप्प झाल्या होत्या. त्याचे पाय जमिनीला टेकलेले होते का, हे बघायचं मला धाडस झालं नाही.

दुसऱ्या दिवशी तीनला पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी बायकोनं मागच्या दारातून बघितलं. "अवं, त्याला धरलंय कुणी?" तिनं विचारलं. ऊन लागून गळाठला असेल, असं मी म्हणालो. "थंडीत कसलं ऊन?" म्हणत तिनं दार लोटलं. तेव्हापासून ती धुणं घराच्या पुढच्या बाजूला धुते.

तो हात मला ओळखीचा आहे. तू आमच्यावर कधी हात उगारला नाहीस, हे मी जन्मभर लोकांना कौतुकानं सांगत आलो. मान दाबायचीस हे मात्र कुणाला सांगितलं नाही. मी सात वर्षांचा आहे, धाकटीला मारलंय, आणि त्याच दगडापाशी तुझा तळवा माझ्या मानेवर आहे. नाकात ओल्या दगडाचा, साबणाचा वास. तू चिडलेली नाहीस, म्हणूनच जास्त भीती वाटते. "निवलास का?" मी "व्हय" म्हणतो, तरी तू सोडत नाहीस. माझं अंग सैल पडेपर्यंत थांबतेस. तुझ्यावर माझा फार जीव होता, माय, आणि त्या हाताची मला भयंकर भीती वाटायची. आजही वाटते.

हे लिहिलेलं तुझ्या फोटोपुढंही ठेवणार नाही, संध्याकाळी चुलीत घालीन. कोंबडा आता पार गरीब झालाय. हातातले दाणे खातो, कुणाच्या अंगावर जात नाही. काल सुनेचा फोन आला होता. "मामा, कोंबड्याचं काय झालं? पोरगी लई आठवण काढतीया. पण लई हट्टी झालीया, मनासारखं न्हाय झालं की मारतीया." मागच्या दारातून मला धुण्याचा दगड दिसत होता. मी म्हणालो, "कोंबडा अजून तसाच हाय. इतक्यात आणू नको तिला."