नमस्कार आजी, मी तुमची सिस्टर

शनिवार, २१ फेब्रुवारी

प्रिय ताई,

थोरलीला धाकटीचा नमस्कार. तुझी कंबर, भाऊजींचं ब्लडप्रेशर आणि तुमच्या मांजरीची पिल्लं, सगळी आपापल्या जागी असतील असं धरून चालते. आम्हीही आहोत आपापल्या जागी.

पाकीट बघून छातीत धस्स झालं असेल, म्हणून आधीच सांगते, कुणाला काही झालेलं नाही. फोन काय मेलाय का, असं म्हणशील. पण फोनवर तू मला एक वाक्य धड पुरं करू देत नाहीस, आणि आमचं घर एवढंसं, की कुठेही उभी राहून बोलले तरी आईच्या खोलीत ऐकू जातं. शिवाय तुझा आवाज कानावर पडला की माझ्या तोंडून आपोआप "सगळं छान" निघून जातं. म्हणून लिहितेय. कॉलेजच्या वाचनालयात बसलेय आणि समोर एक जाडजूड पुस्तक उघडून ठेवलंय, म्हणजे बघणाऱ्याला वाटावं बाई अभ्यास करतेय.

शेवटच्या सत्राला मी जाणार की नाही, हे तू दर रविवारी विचारतेस आणि मी दर रविवारी "बघू" म्हणते. ते सत्र दुसऱ्या गावी, मोठ्या हॉस्पिटलात राहून करायचं आहे. केलं नाही तर नर्सिंगची पदवी नाही आणि आजवर केलेलं सगळं पाण्यात. जायचं तर आईला तुझ्याकडे ठेवायला हवं. तू तयार आहेस, भाऊजी तयार आहेत, तिच्यासाठी मागची खोलीसुद्धा रंगवून घेतलीत. अडलंय ते माझ्यापाशी. का अडलंय ते आज सांगणार आहे, पण जरा फिरून येऊ दे मला. तुला माझी सवय आहे.

तुझी भाची बरी आहे. शाळेचं शेवटचं वर्ष, त्यामुळे सकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलाच्या एका टोकाला ती आणि दुसऱ्या टोकाला मी. मधे चहाचा एकच मोठा मग, दोघींत. परवा मला म्हणाली, आई, तू ओठ हलवत वाचतेस, मला डिस्टर्ब होतं. मी तिला मोठ्याने वाचायची सवय लावली आणि ती मला मनातल्या मनात वाचायला शिकवतेय. ह्यांची बस अजून त्याच मार्गावर आहे. ड्युटी सकाळची असेल तर दुपारनंतर आईजवळ हे बसतात, नाहीतर समोरच्या शिंपीणकाकू आपलं शिवण घेऊन येऊन बसतात. भाजी हे आणतात आणि नेहमी जून भेंडी आणतात. मी तीच चिरते. हल्ली बऱ्याच गोष्टी मी तशाच चालवून घेते.

वर्गातल्या पोरी मला काकू म्हणतात. आमच्या प्रॅक्टिकलच्या मॅडम म्हणजे एके काळी माझ्याच वॉर्डात शिकायला आलेली मुलगी. तिला पहिलं सलाईन लावताना हात मी धरला होता, आणि आता ती मला मार्क देते. गेल्या परीक्षेत तिने माझे मार्क कापले. आमच्याकडे प्लास्टिकचा एक पेशंट आहे, पोरी त्याला मामा म्हणतात. मामाचं अंग पुसायचं होतं. मी पाणी घेतलं, पडदा ओढला, टॉवेल लावला आणि चटाचट अंग पुसून मोकळी झाले. मॅडम म्हणाल्या, सिस्टर, पहिली पायरी राहिली. पहिली पायरी म्हणजे पेशंटला नमस्कार करायचा, आपण कोण ते सांगायचं, आता काय करणार ते सांगायचं आणि चालेल का विचारायचं. इतकी वर्षं नोकरीत काढली, तरी मी प्लास्टिकच्या माणसाला ओळख सांगायला विसरले. पोरी हसल्या. मीही हसले.

आता आईचं.

आई हल्ली विसरते, एवढंच तुला माहीत आहे. चष्मा विसरते, जेवलेलं विसरते. तेवढंच मी सांगितलंय. एक दिवस मी ड्युटीवरून आले आणि युनिफॉर्म न बदलताच बटाटे सोलायला बसले. आतून आईने हाक मारली, "सिस्टर, पाणी." आणि मी बसल्या जागेवरून म्हटलं, "आले हं आजी." वॉर्डात दिवसभर तेच चालतं ना, म्हाताऱ्या बायकांना आम्ही आजीच म्हणतो. ग्लास घेऊन तिच्या दारापर्यंत गेले तेव्हा डोक्यात उजेड पडला. त्याआधीच तुझी भाची विचारत होती, आई, तू आजीला आजी का म्हणालीस? हे हसले, आम्ही सगळेच हसलो, आईसुद्धा हसली. मग ती मला म्हणाली, "थँक्यू हं सिस्टर," आणि पाणी प्यायली.

त्यानंतर तिने मला माझ्या नावाने हाक मारलेली नाही, ताई.

सुरुवातीला मी भांडले तिच्याशी. अगं आई, मी आहे, मी, नीट बघ. तर ती पांघरूण गळ्यापर्यंत ओढून घ्यायची. घरातल्या कपड्यांत गेले की, "कोण हो तुम्ही बाई, आमच्या घरात काय करताय?" अंघोळीला हात लावू देईना. शिंपीणकाकूंना चालायचं, मला नाही. एकदा उशीर होत होता म्हणून युनिफॉर्म चढवूनच तिच्या खोलीत गेले, तर बाई लगेच उठून बसल्या, हात पुढे करून ब्लाउज काढू दिला, म्हणाल्या, आज पाणी जरा गरम ठेवा. तेव्हापासून सुट्टीच्या दिवशीही मी घरात युनिफॉर्म घालते. रोज सकाळी तिच्या पलंगापाशी उभी राहून म्हणते, नमस्कार आजी, मी तुमची सिस्टर, आता अंघोळ करू या का? पहिली पायरी. आता एक दिवसही चुकत नाही. मॅडमनी येऊन बघावं आणि कापलेले मार्क परत द्यावेत.

ती मला अहो-जाहो करते. "अहो सिस्टर, तुम्ही जेवलात का?" लहानपणी जिने मला फरफटत आणून न्हाणीघरात कोंबलं, ती. त्यापेक्षा चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. आधी रात्री उशीत तोंड घालून रडायचे. आता रडूही येत नाही. हात काम करत राहतात. विसरण्याच्या आजारावर पेपरात प्रश्न आला होता, त्यात माझे वर्गात सगळ्यांत जास्त मार्क. पोरी विचारत होत्या, काकू, कसं पाठ केलंत? म्हटलं, घरी सराव होतो.

आता जे लिहायला ही पानं घेतली ते. रविवारी तू फोन करतेस, आई तुझ्याशी गोड बोलते, हो हो म्हणते, जेवले म्हणते, तूही नीट राहा म्हणते. आणि तू मला म्हणतेस, बघ, मला बरोबर ओळखते, माझ्याकडे आली की सुधारेल. ताई, फोन ठेवल्यावर ती मला विचारते, "कोण होत्या हो त्या बाई? फार प्रेमाने बोलतात."

दर रविवारी विचारते. मी सांगते, तुमच्या ओळखीच्या आहेत. ती म्हणते, असतील.

हे तुला सांगायचं धाडस होत नव्हतं. सांगितलं तर तू खोली रंगवून बसलेली, तुझं तोंड कसं होईल ते मला इथून दिसत होतं. आणि न सांगता तिला पाठवली, तर दारात तू "आई गं" म्हणून मिठी मारणार, ती घाबरून किंचाळणार, आणि ते तुझ्या मनात जन्मभर राहणार. म्हणून मी ठरवलं होतं की कॉलेजला नकार कळवायचा आणि तुला काहीतरी थाप मारायची. रजा मिळाली नाही वगैरे. थापही तयार होती.

दुपार झाली की आईची रोज एक घालमेल सुरू होते. तिला वाटतं ती हॉस्पिटलात आहे. "सिस्टर, मला सुट्टी कधी? पोरी शाळेतून यायची वेळ झाली. दाराला कुलूप आहे." मी म्हणते, डॉक्टरांना विचारून सांगते. काल दुपारी तिला गॅलरीत उन्हात बसवून नखं कापत होते, तेव्हा तेच सुरू झालं. मग मी तिला सांगून टाकलं. पेशंटला आधी सांगावं, हाही नियमच आहे. म्हटलं, आजी, मी काही महिने इथे नसेन. पुढचं शिकायला जायचंय. तुमच्याकडे दुसऱ्या सिस्टर येतील. कदाचित जाणं रद्दही करीन.

तिने विचारलं, "का? घरी कुणी अडवतंय?"

म्हटलं, आई आहे घरी. आजारी असते.

"मग तिला विचारत बसू नका," ती म्हणाली. "आजारी माणूस नाहीच म्हणणार. मी माझ्या धाकटीला सांगून ठेवलंय, मी आडवी पडले तरी तू शाळा बुडवायची नाहीस. मोठीची माझ्यापायी बुडाली. ते काही माझ्या मनातून जात नाही."

एवढं बोलून तिने दुसरा हात पुढे केला. मी त्या हाताचीही नखं कापली, वाटीत गोळा केली, हात पुसले. तेव्हा मला काही वाटलं नाही. वाटायला हवं होतं, हे कळत होतं, पण वाटलं नाही. संध्याकाळी ह्यांनी आणलेली भेंडी चिरताना मात्र सुरी बाजूला ठेवावी लागली. उरलेली ह्यांनी चिरली.

आईला कावीळ झाली तेव्हा तू वर्षभर घरी बसलीस आणि मग परत शाळेत गेलीच नाहीस, हे आपल्या घरात कधी कुणी बोललं नाही. तूही नाही. मी रोज तुझ्या हातचा डबा घेऊन शाळेत जात होते, मला ते चालायचं. तुझा आवाज तिला ओळखू येत नाही, ताई, पण हे तिला आठवतं. तुझ्यापर्यंत पोचवायला हवं होतं, पोचवलं.

आज सकाळी इथल्या ऑफिसात होकार देऊन आले. तेव्हा तू ये आणि तिला घेऊन जा. माझा जुना युनिफॉर्म धुऊन इस्त्री करून कपाटात वरच ठेवलाय. तुला कमरेत घट्ट होईल. हसू नकोस, शिंपीणकाकू उसवून देणार आहेत, मी त्यांना सांगून ठेवलंय. आधी तो घाल आणि मगच तिच्या खोलीत जा. "आई" म्हणू नकोस. मिठी मारू नकोस. पलंगापाशी उभी राहा, नमस्कार कर आणि म्हण, नमस्कार आजी, मी सिस्टर. तू माझी सिस्टर आहेसच, त्यामुळे फारसं खोटं होणार नाही. पाणी जरा गरम लागतं तिला. गोळ्या दुधाबरोबर, चहाबरोबर नाही. केस विंचरताना मागून जाऊ नकोस, समोरून सांगून मग मागे जा. आणि दुपारी पोरींबद्दल विचारेल तेव्हा, त्या आता मोठ्या झाल्या, असं समजवायला जाऊ नकोस. मी करून पाहिलंय. तिला म्हण, आजी, किल्ली थोरलीकडे आहे, ती दार उघडेल. हे ऐकलं की ती निवांत होते. कुठल्याही डॉक्टरने सांगितलेलं नाही, पण उपयोग होतो.

भाऊजींना नमस्कार. मांजरीला लांब ठेव, आईला मांजरी आवडत नाहीत, ते मात्र ती विसरलेली नाही.

खाली माझं घरातलं नाव लिहिते. आता ते तुझ्याशिवाय कुणाला माहीत नाही, तेव्हा फोनवर मारत जा अधूनमधून हाक.

तुझी,
भिंगरी