दिसणारी ओळ

मंगळवार, ३ जून

१. मावशीने चष्म्याच्या दुकानात कॉम्प्युटरवर एका गिऱ्हाइकाचा नंबर बदलला.
२. बदल दुसऱ्याच्याच नावावर पडला. काचा चुकीच्या बनल्या.
३. असं आधीही झालं होतं.
४. मालकांनी तिला घरी बसवलं.

मावशीचं म्हणणं, क्लिक बरोबर ओळीवरच केलं होतं. त्यावर मालक म्हणे — नाचता येईना, अंगण वाकडं! आईचं म्हणणं, ती हल्ली विसरते. मावशी आमच्याकडेच राहते, तिने हे ऐकलं. मग माझ्या खोलीत आली. "माझं डोकं फिरलंय का, ते तूच बघून सांग."

दुकानातला प्रोग्रॅम मी काम करते त्याच कंपनीचा आहे.

बुधवार, ४ जून

कोड वाचला. टेबल मॉडेल, म्हणजे गिऱ्हाइकांची मूळ यादी, आमच्या सरांनी स्वतः घडवलेलं. माहिती मॉडेलमध्ये असते, पडद्यावर तिचं नुसतं रूप. 'नाव' या शीर्षकावर क्लिक केलं की ओळी अक्षरांप्रमाणे लागतात — पण पडद्यावरच. मॉडेलमध्ये सगळे आपापल्या जागी! 'बदल' बटण मात्र पडद्यावरचा ओळ-क्रमांक जसाच्या तसा मॉडेलला देतं. तिसरी म्हणजे तिसरी, मग तिथे कुणी का असेना. आणि मावशी नावं क्रमाने लावल्याशिवाय कामाला हात घालत नाही.

सरांना दाखवलं. लोकांनी शीर्षकावर क्लिक करायचंच कशाला, म्हणाले. तुम्ही सोय दिलीत म्हणून, मी म्हटलं. बराच वेळ चष्मा पुसत बसले.

गुरुवार, ५ जून

दुरुस्ती एका ओळीची. दिसणाऱ्या ओळीवरून आधी मॉडेलमधली ओळ शोधायची, मग लिहायचं. तपासली. चालते.

शुक्रवार, ६ जून

चूक आमची, असं सरांनी मालकांना फोन करून सांगितलं. मी समोरून उठले नाही, म्हणून सांगितलं. म्हणजे अंगण खरंच वाकडं होतं. मावशीला सोमवारपासून बोलावलंय. ती आईला म्हणाली, "म्हातारी झालेय, खुळी नाही." मला फार बरं वाटलं.

सोमवार, ९ जून

मावशी दिवसभर काम करून आली. दुकानात विचारलं — सगळे नंबर बरोबर पडलेत.

दारात चपला काढताना म्हणाली, "मला परत कामावर कधी बोलावणार गं?"

थट्टा वाटली. मी हसले. ती उत्तराची वाट बघत उभी राहिली.

दादाला, तिच्या मुलाला, एवढंच पाठवलं : मावशीला डॉक्टरांकडे न्यायचं आहे, तू बरोबर हवास. कधी येतोस ते गुरुवारपर्यंत कळव.