अर्धी दाढी

चिरंजीव,

बेसिनमधलं रक्त माझंच आहे, बोंबलून शेजारी गोळा करू नकोस. हनुवटीखाली कापलंय, टाके घालून येतो. दुकानातला मोठा आरसा मीच खुर्ची घालून फोडला. तोही तुझ्याच बाजूने बोलायला लागला होता.

काल तू गिऱ्हाइकाला म्हणालास, "बाबांचा हात थरथरतो, माझ्याकडे बसा." म्हणून मी तुला वस्तऱ्याला धार लावायच्या पट्ट्याने फोडून काढलं. एवढा घोडा झालास, माझा हात धरायचास ना!

दोन वर्षांपूर्वी उजवा अंगठा हलायला लागला. तोही हात रिकामा असला की. वस्तरा धरला की गपगार. म्हणून तर गिऱ्हाईक नसतानाही मी सारखा कंगवा धरून बसायचो. डॉक्टर तेव्हाच म्हणाला होता, हे दुसऱ्या हातात जाईल, पुढे काम करतानाही थांबणार नाही. मी त्याला वेड्यात काढलं आणि तुला काही बोललोच नाही.

आज तुला खोटं पाडायला स्वतःचीच दाढी करायला बसलो. एक गाल झकास झाला. मग कातडी ताणणारा डावा हात हलला, आणि वस्तरा धरूनही उजवा थांबेना.

अक्षर मुंगीएवढं झालंय, तेही ह्याच दुखण्याने. चष्मा लावून वाच.

अर्धी दाढी राहिलीय. मी आल्यावर टाके सांभाळून तू कर. आणि बापाचा गळा आहे म्हणून तुझा हात थरथरला, तर पट्टा अजून खुंटीलाच आहे.